शिवेची माती डोक्यावर

लिहायला मी फार उशिरा शिकले, अकोल्याला मिशनच्या शाळेत पाणी भरत होते तेव्हा. म्हणून हे इतक्या वर्षांनी कागदावर येत आहे.

आमचं गाव बडनेऱ्यापासून दोन कोसांवर. घरात महारकी होती. गावाची शीव कुठून कुठे जाते हे सांगायचं काम माझ्या सासऱ्यांचं. नवरा आगगाडीच्या रुळांच्या कामावर लांब असायचा. सासऱ्यांची नजर मंद झाली तेव्हापासून शीव पाहायला जाताना मी त्यांच्या पुढे चालायचे. प्रत्येक दगडाशी ते थांबत, हात ठेवत आणि पुढचा दगड कुठे आहे ते माझ्याकडून वदवून घेत. चुकले तर मागच्या दगडापासून पुन्हा चालायला लावत.

त्या वर्षांत कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. कुठे तरी सातासमुद्रापार लढाई लागली होती, म्हणून विलायतेला आपला कापूस हवा होता, असं लोक सांगत. मागोमाग रूळ आले आणि रुळांखाली घालायला गिट्टी लागू लागली. आमच्या गायरानात काळ्या दगडाचं टेकाड होतं. खाणीच्या एका कंपनीने ते टेकाड, खालच्या गायरानासकट, सरकारकडे विकत मागितलं.

चावडीपुढे दोन दिवस बोलणं चाललं. आम्ही नेहमीसारखे लांब, निंबाखाली बसलो होतो. पाटलांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. खाण झाली तर पक्का रस्ता होईल, रस्ता झाला तर कापसाच्या गाड्या चिखलात रुतणार नाहीत. कुणी तरी विचारलं, ढोरं कुठे चरतील? पाटील म्हणाले, कडबा विकत घेऊ. कंपनीचा मुनशी गोड बोलणारा होता. तो म्हणाला, या जमिनीचा सारा कुणी भरत नाही, म्हणजे ती सरकारची. गावाने एवढंच लिहून द्यायचं की ती ओसाड आहे, कुणाच्या वापरात नाही.

त्या टेकाडाच्या उताराला आमची मसणवट होती. माझं पहिलं लेकरू तिथेच पुरलेलं होतं.

मी उठून उभी राहिले. सासऱ्यांनी लुगड्याचा पदर ओढला, तरी बसले नाही.

"पाटील," मी म्हणाले, "ज्या जागेत आमी आमची माणसं पुरतो, ते ओसाड काहून?"

मग पाटलांनी सासऱ्यांकडे पाहून सांगितलं, सुनेला आवर. सासऱ्यांनी पदर सोडला, एवढं मला कळलं.

आठ दिवसांनी अमरावतीहून मोजणीचा साहेब यायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी सासरे नाल्यात घसरले आणि त्यांचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. साहेब आला, तेव्हा पाटलांनी सांगितलं की शीव दाखवणारा माणूस खाटेवर आहे, आणि तसंही टेकाड गावाच्या शिवेबाहेरच येतं, गावाचा त्यावर हक्क नाही.

मी म्हणाले, मी दाखवते.

मुनशी हसला. बाईची साक्ष कोण धरतो, असं तो साहेबाला समजावू लागला. साहेबाने दुभाष्याकरवी विचारलं, दुसरं कुणाला माहीत आहे? कुणीच पुढे आलं नाही. मग मी रीतीप्रमाणे शिवेवरची मूठभर माती डोक्यावर घेतली. ही माती घेऊन जो खोटं चालतो त्याचं घर बसतं, असं आमच्याकडे मानतात. माझ्या आधी ती कुठल्या बाईच्या डोक्यावर चढल्याचं मी ऐकलं नव्हतं.

तीन दगड नीट सापडले. चौथ्याच्या जागी नुसती नांगरलेली माती होती. दगड कुणी तरी उपटून नेला होता. पाटील म्हणाले, बघा, इथे काहीच नाही. पण सासऱ्यांनी हात धरून शिकवलेलं डोक्यात पक्कं होतं.

"इथं खोदा," मी दुभाष्याला सांगितलं. "दगड नेला असन. खालचा कोळसा थोडीच नेला?"

हातभर खोदल्यावर काळा कोळसा निघाला आणि त्याखाली फुटक्या खापऱ्या. शीव घालताना जुन्या लोकांनी दगडाखाली पुरून ठेवलेल्या. साहेबाने एक खापरी उचलून रुमालात बांधली. टेकाड शिवेच्या आत निघालं आणि कागदावर गायरान म्हणून लिहिलं गेलं.

कंपनीने पलीकडच्या गावचं टेकाड घेतलं. ते पोखरून गेलं, तिथल्या लोकांचं मला अजून वाईट वाटतं. रस्ता झाला. पाटलांच्या गाड्या त्यावरूनच गेल्या.

त्या सुगीला पाटलांनी आमचं बलुतं बंद केलं. खळ्यावर गेले तर म्हणाले, जा, तुझ्या गायरानात पीक कापून घे. मी रिकाम्या टोपलीनिशी परतले, पण मान खाली घातली नाही. पुढल्या वर्षी आम्ही अकोल्याला आलो. सासऱ्यांना बैलगाडीत घालून आणावं लागलं.

निघण्याआधी पंधरा दिवस मी गावातच मागे राहणाऱ्या माझ्या जावेला रोज पहाटे शिवेवरून चालवलं. ती कंटाळायची, म्हणायची, मले हे काहून शिकवून राहिली? चुकली, की मागच्या दगडापासून पुन्हा चालायला लावलं.