सुरेखाचा दात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडतानाही हा विषय शिताफीने टाळलाय. बोलता बोलता भलत्याच वाटेला लागण्यात मी पटाईत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते — गोष्ट दाताची आहे, आणि तो दात माझा नाही.

मी डोंबिवलीत एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. फोन घेते, पेशंटना वेळा देते, लॅबकडून येणाऱ्या कवळ्या आणि कॅप ताब्यात घेते. चांगलं काम आहे. त्याची मला कधी लाज वाटली नव्हती — निदान शाळेचा ग्रुप निघेपर्यंत तरी.

ग्रुप काढला सुरेखाने. कल्याणची आमची शाळा, दहावीची बॅच, सगळे कुठे कुठे पांगलेले. सुरेखा लग्न होऊन आंबिवलीला गेली, घरून पोळीभाजीच्या ऑर्डरी घेते. दहावीनंतर तिचं शिक्षण सुटलं, पण शाळेवरचा जीव सुटला नाही. दोन वर्षं ही बाई दुपारची कामं उरकून कल्याणात यायची आणि कुणाच्या जुन्या चाळीत, कुणाच्या मामाच्या दुकानात नंबर विचारत फिरायची. एकेक जण सापडला की ग्रुपवर लिहायची, "आणखी एक हरवलेलं लेकरू मिळालं."

मी मिळाले तेव्हा कुणीतरी विचारलं, दातांच्या दवाखान्यात असतेस म्हणजे डॉक्टर झालीस का? 'नाही' लिहायला असा किती वेळ लागतो? मी 'हो ना' लिहिलं. पुढे एक हसरा चेहराही टाकला. ग्रुपवर एक जण बँकेत मॅनेजर, एकीचा मुलगा कॅनडात — आणि मी काय, नुसते फोन उचलते? मग जी पंचाईत झाली! कुणी सुजलेल्या हिरड्यांचे फोटो पाठवायचं, कुणी अक्कलदाढेचा एक्स-रे. मी आमच्या डॉक्टर मॅडमना आडून आडून विचारायचे आणि ग्रुपवर ऐटीत उत्तरं द्यायचे. लोकांना खोटं फक्त लक्षात ठेवावं लागतं, मला त्याचा अभ्यास करावा लागत होता.

संक्रांतीला तिळाच्या लाडवाने सुरेखाचा समोरचा दात मोडला. आपली डॉक्टर असताना दुसरीकडे कशाला जायचं, असं तिला वाटलं असणार. पत्ता मी कधीच दिला नव्हता. पण जिने अख्खी बॅच शोधून काढली तिला एक दवाखाना शोधणं काय अवघड? तोंडाला रुमाल लावून ती आत आली, आणि समोर मी — काउंटरमागे, कानाला फोन. तिने माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या मॅडमच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत राहिले. ती एवढंच म्हणाली, "वंदे, बरं झालं गं तू आहेस. मला सुईची लय भीती वाटते."

आत खुर्चीत बसल्यावर तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. जातानाही त्या विषयावर एक शब्द नाही. मला हायसं वाटायला हवं होतं ना? मला वाटली ती भीती. आज बोलली नाही, पण गेट-टुगेदरला? हसता हसता, कुणी सहज विचारलं तर?

गेट-टुगेदर तोंडावर आलं होतं. आमच्या वर्गातला हरेश हल्ली कोलशेतला राहतो, त्याच्या सोसायटीचा हॉल ठरला होता, रविवारी. दहावीला आमच्या वर्गशिक्षिका असलेल्या जोगळेकर बाई येणार होत्या, आणि सगळ्यांना शोधून काढल्याबद्दल त्यांच्या हस्ते सुरेखाचा शाल-नारळ देऊन सत्कार व्हायचा होता. सूत्रसंचालनही तिचंच, आंबिवलीच्या स्वयंपाकघरात कणीक मळताना भाषण पाठ करायची म्हणे. मॅडमनी तिचं रूट कॅनल केलं, कॅपचं माप लॅबला पाठवलं. तात्पुरती बसवलेली कॅप दोनदा निघून आली. खरी कॅप शुक्रवारी नक्की, असं लॅबने सांगितलं होतं.

आता इथे मी अडखळतेय. दिसतंय ना तुम्हाला?

कॅप शुक्रवारी आली. दुपारी, मॅडम जेवायला गेल्या होत्या तेव्हा. प्लास्टिकची छोटी डबी, वर सुरेखाचं नाव. ती डबी मी माझ्या खणात टाकली, रिकाम्या पाकिटांच्या खाली. संध्याकाळी मॅडमनी विचारलं, आली का? मी म्हटलं, नाही, लॅबवाले आता सोमवार म्हणताहेत. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. घाईगडबडीत झालं, चुकून झालं — असं मला म्हणता येणार नाही. मी विचार करून, ठरवून केलं.

शनिवारी सुरेखा फोन न करताच आली. दारातूनच म्हणाली, "वंदे, आला का गं माझा दात?"

"नाही गं," मी म्हटलं. आणि वर — हेही सांगते — "जा की तशीच, आपलीच तर माणसं आहेत." ती तशी जाणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून म्हटलं.

"बाईंसमोर हे बोळकं घेऊन माइकवर उभी राहू? अगं, अर्धे शब्द नुसते वाऱ्यावर जातात."

ती बाकावर थोडा वेळ बसली. माझ्या गुडघ्याशी तो खण होता. मॅडम आत मोकळ्याच होत्या. हात खाली न्यायचा, डबी काढायची आणि म्हणायचं, अगं ही बघ, आत्ता सापडली — तेवढं खोटंही तिने गोड मानून घेतलं असतं. मी हात वर केला आणि तिला टाटा केला.

रविवारी मी नवी साडी नेसून कोलशेतला गेले. हरेशने माइकवरून सुरेखाचा मेसेज वाचला. "माझ्या दाताने ऐन वेळी दगा दिला. पण आपली डॉक्टर वंदना माझी फार काळजी घेतेय. माझी शाल आणि नारळ तिच्याच हातात द्या." टाळ्या पडल्या. बाईंनी माझ्या खांद्यावर शाल घातली. म्हणजे कळलं का तुम्हाला? जे तिने फोडू नये म्हणून मी तिला घरी बसवलं, ते तिने घरी बसून जपलं. मग मी काय केलं? तिथेच खरं सांगितलं? मी शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढले. जेवलेसुद्धा, आणि जिलेबी दुसऱ्यांदा मागून घेतली.

सोमवारी मॅडमनी कॅप बसवली. सुरेखाने आरशात बघितलं आणि मोकळी हसली. मग माझ्या फोनवरचे फोटो बोटाने मोठे करून एकेक बघत बसली, बाईंच्या फोटोवर जरा जास्तच वेळ. पुढच्याच महिन्यात बाई मुलीकडे बंगळूरला कायमच्या राहायला गेल्या. तिची आणि त्यांची भेट राहिली ती राहिलीच, आणि ती माझ्यामुळे राहिली. लॅबवाल्यांनाही ती कधी बोल लावत नाही. त्यांच्यामागेही घाई असते, म्हणते.

या रविवारी कल्याणला पुन्हा सगळे जमतोय. या वेळी माइक सुरेखाकडे आहे. मी ठरवलंय, आणि या वेळचं ठरवणं मोडणार नाही. आदल्या दिवशी आंबिवलीला जाऊन आधी तिला एकटीला सांगणार. ती म्हणेल, जाऊ दे गं, सगळ्यांसमोर कशाला? मी ऐकणार नाही. टाळ्या मी सगळ्यांसमोर घेतल्या होत्या. रविवारी उभी राहीन आणि सांगेन, मी डॉक्टर नाही, कॅप शुक्रवारीच आली होती, मी ती लपवली.

'माफ कर' मात्र म्हणणार नाही, तिच्या घरीही नाही आणि हॉलमध्येही नाही. मी तिला चांगली ओळखते. ते शब्द माझ्या तोंडून निघायचा अवकाश, ती मला माफ करून मोकळी होईल, वर जवळ घेईल, आणि ते बघून लोक पुन्हा माझ्यासाठी टाळ्या वाजवतील.