विहीणबाईंच्या मानाचे खून

माझ्या मुलीच्या सासूइतके खून पचवलेली बाई अख्ख्या बदलापुरात दुसरी निघणार नाही, आणि निघालीच तर चौकीवर कळवलेलं बरं. दिसायला म्हणाल तर ठेंगणी, चष्म्याची दोरी गळ्यात, मुंगी चिरडली तरी हळहळणारी. पण दुपारचं जेवण झालं की बाईंना पुस्तकात एक मुडदा लागायचा, त्याशिवाय डुलकी येत नसे. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, लोकांचे कॉल जोडण्यात झाली. मी एकदा विचारलं, विहीणबाई, ही कसली हो आवड? तर म्हणाल्या, "व्याहीबुवा, जन्मभर लोकांची अर्धी अर्धी बोलणी कानावर पडली. पुढं काय झालं ते एकाचंही कळलं नाही. आता रिटायर झाले, कुणीतरी शेवटपर्यंत सांगावं एवढंच मागणं आहे."

मी शिकलो चौथीपर्यंत. अंबरनाथला कारखान्यात मशीनवर आयुष्य गेलं, राहायला बुवापाड्यात. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मी हात जोडून म्हटलं, मानपानाचं काय ते मोकळं बोला. मनात पैठणीची धास्ती होती. बाई म्हणाल्या, "साडी नको. रहस्यकथांची एखादी मालिका द्या. मात्र हलकीफुलकी हवी." बैठक गार पडली. माझा चुलतभाऊ कानाशी आला, "बाई खुळी आहे. पोरगी देऊ नकोस." आमची ही मात्र तोंडाला पदर लावून हसत सुटली, आणि दोघींचं तिथंच जमलं. रुखवतात करंज्या आणि अनारशांच्या मधोमध रक्ताळलेल्या सुऱ्यांच्या चित्रांची पुस्तकं मांडलेली फक्त आमच्याकडंच. भटजी दोनदा बघून गेले.

हलकीफुलकी म्हणजे काय याचे बाईंचे कायदे होते. खून झालाच पाहिजे, पण रडारड नको. मेलेला माणूस असा हवा की गावानं मनातून पेढे वाटावेत. तो लवकर मरावा, उगाच ताटकळत ठेवू नये. कुत्र्यामांजराला धक्का लागता कामा नये. शोध लावणारा दारू पिऊन बायकोच्या नावानं उसासे टाकणारा नको, चारदा चहा पिणारा हवा. आणि भागामागून भाग पाहिजेत, कारण दर वेळी नव्या माणसाशी ओळख करून घ्यायचा त्यांना कंटाळा. हे डोकं घरातही चाले. एकदा दाराबाहेरची दुधाची पिशवी गेली, तर बाईंनी हेंद्रेपाड्यातली अख्खी बिल्डिंग जिन्यात उभी करून जबान्या घेतल्या. सेक्रेटरीला घाम फुटला. शेवटी कळलं की त्यांच्या यजमानांनीच पिशवी आत आणून दोन कप चहा करून प्यायला होता, आणि चौकशी चालू असताना ते पेपरामागं गप्प बसले होते. बाई म्हणाल्या, "मला पहिल्यापासून संशय होता."

ही मालिका पुरवायचं काम आमच्या हिनं अंगावर घेतलं होतं. ही माझ्यापेक्षा शिकलेली, सातवी पास. दिवाळी असो, संक्रांत असो, धोंड्याचा महिना असो, जावयाला अनारसे आणि विहिणीला खून. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी रद्दीवाल्याकडं जाऊन ही पुस्तकं उपसायची, घरी आणून आधी स्वतः वाचायची, कायद्यात बसलं तरच बदलापूरला पाठवायची. मग दोघी फोनवर तास तास. "माळी असेल." "छे हो, माळी साधा आहे, भाचीवर नजर ठेवा." मी भाकरी मागितली तर ही हातानंच खूण करायची, थांबा, विष कुणी आणलं ते कळू दे.

मग ही गेली. आजार लहानसा दिसला, तिला घेऊन गेला. त्यावर जास्त लिहीत नाही.

तेराव्याला विहीणबाई माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आता पुस्तक नको. खरं माणूस गेल्यावर पुस्तकातला मेलेला बघवत नाही." पुढं मुलीचा फोन आला, "बाबा, सासूबाई काहीच वाचत नाहीत. दुपारभर भिंतीकडं बघत बसतात." मला ते सोसेना. हिचं सगळं बंद पडलं होतं, तिचा चहा, तिचं बोलणं, तिच्या चपलांचा आवाज. जगात चालू राहिलेलं तिचं एकच काम होतं, ते म्हणजे त्या बाईचं वाचन. तेही थांबलं तर ही पुरतीच गेली.

म्हणून मीच कॅम्पात गेलो. रद्दीवाल्याला सांगितलं, खुनाचं पुस्तक दे, पण हसवणारं. तो बघतच राहिला. "काका, या तो हँसो, या मरो. दोनों एक भाव में नहीं आता." मी वरच्या चित्रावर भुलून एक उचललं. घरी ओट्यावर बसून एकेक अक्षर जुळवत वाचलं, आणि सुरुवातीलाच दोन लेकरांची आई मेली. दुसऱ्या दिवशी परत त्याच्या दारात. "साईं, हे वापस घे. यात बाई मरते." "काका, मर्डर का किताब है, कोई तो मरेगा ना?" "मरू दे. पण बाई नको. आमची ही न्यायची तसलं दे." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आतल्या ढिगात शिरला. धूळ झटकत एक गठ्ठा घेऊन आला. पापड विकणाऱ्या दोन जावा आणि त्यांनी पकडलेले खुनी, सात-आठ भाग. "घरवाली यही ढूंढती थी," तो म्हणाला. "मिला तब वो आयी नहीं."

पहिला भाग मला महिनाभर पुरला. मेलेला सावकार, रडलं कुणी नाही, कुत्रं जिवंत. एके ठिकाणी मी एकटाच मोठ्यानं हसलो आणि मग घरात बघत राहिलो.

घेऊन बदलापूरला गेलो. बाई म्हणाल्या, "ठेवा तिथं." पुस्तकाकडं पाहिलंसुद्धा नाही. मला बोलायचं वळण नाही. म्हटलं, "विहीणबाई, माझी पोरगी तुमच्या घरात आहे. मान घ्यायलाच लागेल. चांगलं पुस्तक आहे हो, वाचलंय मी. त्या सावकाराला त्याच्या मेव्हण्यानं पापडखारातून विष घातलं."

बाईंनी पहिल्यांदा पुस्तकाकडं पाहिलं. मग बाई उठल्याच. "अहो व्याहीबुवा! माणूस आहात की कोण? खुनी सांगितलात? पहिल्याच भागाचा? तिनं इतक्या वर्षांत एकदा तरी सांगितला का?" आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असेल. मुलगी पिठाच्या हातानं धावत आली. यजमानांनी पेपर खाली केला, आणि मी बघितलं तर ते हसत होते. किती दिवसांनी बाई ओरडल्या होत्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. असं बोलणं मलाही किती दिवसांत मिळालं नव्हतं.

दम लागल्यावर त्यांनी हात पुढं केला. "दुसरा भाग आणलाय का?" पिशवीत होता, पण मी तो अजून वाचून पाहिला नव्हता. तसं सांगितलं. तर म्हणाल्या, "मग न्या, वाचा, कुणी रडतंय का बघा. शेवटच्या प्रकरणाला हात लावायचा नाही. तुमच्या पोटात काही राहत नाही."

आता असं चाललंय. शेवटचं प्रकरण सोडून मी वाचतो, पुस्तक पोचतं करतो, बाई एका दुपारीत तिथवर येतात आणि मला बोलावून घेतात. गॅलरीत दोन खुर्च्या. त्या वाचतात, मी ऐकतो. माझा संशय दर वेळी चुकतो. परवा चौथ्या भागाचा शेवट वाचताना त्या मध्येच थांबल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "तिनं एव्हाना ओळखला असता." मी म्हटलं, "हो." चष्मा परत चढवून त्यांनी विचारलं, "पुढं वाचू?" खुनी दोन पानांवर उभा होता. मी म्हटलं, "थांबा जरा, चहा येऊ दे." घाई कसली होती. आत मुलगी कप विसळत होती, आणि कप विसळताना तिच्या बांगड्या आईसारख्याच वाजतात.