अकरावी आवृत्ती आणि शेषेरावांची गिरणी

नायगावात सुगत सोनकांबळेला काम करताना कुणी पाहिलेलं नाही. पाहिलंय ते एवढंच, की सकाळी नऊला माणूस खिडकीपाशी बसतो आणि दुपारपर्यंत दोन-चारदा मान हलवतो. तीही आडवीच. उभी हललेली गल्लीने अजून पाहिली नाही. हैदराबादची नोकरी घरी घेऊन आला त्याला पाच वर्षं झाली, तरी शेजारच्या धुरपताबाई त्याच्या बायकोला अजून विचारतात, "लुंबिनी, तुझ्या मालकाला कामावर कधी बलावणार हायत गं?"

बिचारा काम मात्र खरंच करतो. कॉम्प्युटरच्या आत, पार तळाशी, कर्नल नावाचा गाभा असतो. यंत्राचे सगळे अवयव त्याच्या हुकमात. जगभरातले लोक त्यात नवा कोड घालतात, पण घालण्याआधी कुणालातरी तो ओळ न् ओळ वाचून 'मी तपासलं' म्हणून खाली आपलं नाव लिहावं लागतं. सुगत हा असा वाचणारा. लिहिणाऱ्याचं कौतुक होतं, आणि पुढं काही बिघडलं की लोक आधी वाचणाऱ्याचं नाव शोधतात.

आठ महिने तो एकच गोष्ट वाचत होता. परदेशातल्या एका कंपनीने नवी चिप काढली होती. चिप भोवतालच्या सेन्सरांशी दोन तारांवरून बोलते. त्या तारांच्या जोडीला बस म्हणतात. कुणी कधी बोलायचं, कुणी गप्प राहायचं, हे सांभाळणारा तिथला कारभारी म्हणजे कंट्रोलर. त्या कंट्रोलरला चालवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, सुगतच्या पुढ्यात होता. आवृत्ती अकरावी.

आधीच्या दहांवर त्याने एकशे चौदा शेरे मारले होते. लिहिणारा लई सज्जन. दर शेऱ्याला 'आभारी आहे, दुरुस्त केलं' असं उत्तर. एकच शेरा मात्र जागचा हलत नव्हता. बोलता बोलता सेन्सरने तार धरली आणि सोडलीच नाही, तर काय? इलाज जुना आहे: दुसऱ्या तारेवर नऊ टिचक्या मारायच्या, की समोरचा हात सोडतो. या ड्रायव्हरमध्ये त्या टिचक्याच नव्हत्या. तो नुसता वाट बघत बसायचा. 'आमच्या प्रयोगशाळेत असं कधी घडलं नाही,' असं लिहिणारा दरवेळी कळवायचा. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडची लाइट डुचमळत नसणार.

नायगावात डुचमळते. सुगतच्या भिंतीला भिंत लावून शेषेरावांची पिठाची गिरणी आहे. मोटर सुरू झाली की गल्लीतले बल्ब डोळा मारतात, आणि सुगतच्या टेबलावरचं त्या चिपचं चाचणीचं बोर्ड कधीमधी मुकं होतं. मग पडद्यावर सेन्सरचा शेवटचा आकडा तसाच राहतो.

अशात सत्यमचा फोन आला. हा सत्यम मूळचा लातूरचा, हैदराबादेत सुगतचा साहेब.

"सुगतभाऊ, कर्नलमधी नवा कोड घ्यायचं दार शुक्रवारी बंद होतंय. त्याआधी तुझं नाव पडलं न्हाई, तर ड्रायव्हर अडीच महिने लटकला."

"त्यात खोट हाय, सत्यम."

"खोट कशात न्हाई? आपल्या बोर्डाची गिऱ्हाइकं खोळंबली. ह्या महिनाअखेर तुझा करार बी संपतोय. वरचे विचारून राहिलेत, ह्या माणसाला आठ महिने काय लागले म्हणून."

"बघतो," म्हणून सुगतने फोन ठेवला. खरं तर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डोळे चुरचुरत होते, आणि एकशे पंधरावा शेरा लिहायचा म्हटलं तरी बोटं जड व्हायची. त्याने उत्तर उघडलं. 'तपासलं' लिहिलं, पुढे नाव लिहिलं. पाठवायचं तेवढं राहिलं.

तेवढ्यात लुंबिनी ड्यूटीवर निघाली. ती आरोग्य केंद्रात नर्स आहे. लसींच्या फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिणं हेही तिच्याकडेच. आणि सत्यमच्या कंपनीची बोर्डं जाणार होती ती नेमकी अशाच फ्रीजवर.

"फ्रीजच्या पडद्यावर चार डिग्री दिसले तर काय लिहितीस?" सुगतने विचारलं.

"चार."

"आणि दोन दिवस चारच दिसत राहिले तर?"

"तर आम्ही लई चांगलं काम करून राहिलो, असं आमचे साहेब म्हणतील." चपला घालता घालता ती थांबली. "आहो, चेहरा का असा? झोपा जरा."

सुगतने नाव पुसलं. मग पायात स्लीपर घालून, आयुष्यात पहिल्यांदा दळण न घेता, गिरणीत गेला.

"मामा, एक काम होतं. दर डब्याला मोटर बंद करायची, दर डब्याला चालू. असं चाळीस वेळा पाहिजे."

शेषेरावांनी त्याच्याकडं भाकरीत खडा लागल्यासारखं पाहिलं. "लेका, आजवर समदे मोटर बंद कर म्हणत आले. तू चालू कर म्हणतोस? पट्टा तुटला तर?"

"रोज दहाच. चार दिवस."

"आन् ह्याच्यानं व्हतंय काय?"

"माझं यंत्र बंद पडतंय का बघायचंय."

"म्हंजे बिघडवायला मदत पाहिजे!" शेषेराव खूश झाले. "हाव, ते जमंल."

चार दिवस गिरणीपुढं गर्दी झाली. भिंतीपलीकडून सुगत ओरडायचा, "लावा, मामा!" बल्ब डोळा मारायचे. पाचव्या मिनिटाला पुन्हा तेच. डबा कवटाळून बसलेल्या धुरपताबाईंचा संयम दुसऱ्याच दिवशी सुटला. "आरं, आमच्या भाकरी तुझ्या कंपनीनं का अडवल्या?"  सुगत आत मोजत होता. चाळीस वेळा मोटर सुरू झाली, सात वेळा बोर्ड मुकं झालं.

शुक्रवारी सकाळी त्याने तेवढंच लिहून पाठवलं. चाळीसपैकी सात. टिचक्या घातल्याशिवाय माझं नाव घालता येणार नाही. कर्नलमध्ये कोड शेवटी घेणाऱ्या मुखत्याराने खाली एका ओळीत कळवलं, की मग मीही घेत नाही. दार बंद झालं. 

परदेशातून मात्र त्या लिहिणाऱ्याची विचारणा आली: तुम्ही विजेचा दाब पाडायला कोणतं उपकरण वापरता? सुगतने लिहिलं, पिठाची गिरणी.  दोन दिवसांनी पत्र: मोटर किती अश्वशक्तीची? तो फडकं घेऊन गिरणीत गेला आणि मोटरवरची आकड्यांची पट्टी पुसायला लागला, तर शेषेराव आडवे आले. "इकायची न्हाई हां."

महिना संपला. करार पुढे वाढला नाही. सत्यमने दोन ओळींत आभार मानले आणि कंपनीच्या मेलचं खातं त्याच संध्याकाळी बंद झालं. लुंबिनीने ते वाचलं आणि चहात आलं जास्त घातलं.

तीन आठवड्यांनी बारावी आवृत्ती आली. कुणी पगार देत नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. तरी सुगत गिरणीत गेला. पुन्हा चार दिवस, पुन्हा चाळीस. तार पाच वेळा अडकली, पाचही वेळा नऊ टिचक्यांनी सुटली, आणि बोर्ड एकदाही मुकं झालं नाही.

"झालं का समाधान?" शेषेरावांनी भिंतीपलीकडून विचारलं.

"अजून पाच वेळा लावा, मामा."

"आता काय जीव घेतोस का पट्ट्याचा!" पण लावली.

पंचेचाळीस झाले. सुगतने 'तपासलं' लिहिलं, पुढे नाव. नावापुढे मेलचा पत्ता लागतो. कंपनीचा मेलेला होता, म्हणून त्याने स्वतःचा घातला, एकदा वाचला आणि पाठवून दिलं. आनंद व्हायला हवा होता. त्याने नुसती मान हलवली. उभी. मग खुर्चीतच डोळे मिटले.