चांगुणाबाईंनी निवडलेली पेन्सिल

श्रीमती चांगुणा भीमा सोनकांबळे, वय अंदाजे बावन्न, तालुका चाकूर. पदनाम: स्वयंपाकी तथा मदतनीस, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. नेमणूक: मानधन तत्त्वावर. कर्तव्ये: धान्य निवडणे, शिजवणे, वाढणे, भांडी स्वच्छ ठेवणे. अध्यापन व शैक्षणिक साहित्य यांच्याशी सदर पदाचा संबंध येत नाही.

संबंध जुळला तो विळीमुळे. वर्गातलं शार्पनर दर पंधरवड्याला हरवायचं, विळी मात्र हरवण्यासारखी नव्हती. त्यामुळे खिचडी झाली की पहिली-दुसरीची पोरं बोथट पेन्सिली घेऊन स्वयंपाकखोलीच्या दाराशी उभी राहत. आठ वर्षांत चांगुणाबाईंनी इतक्या पेन्सिली तासल्या, की कोणती टोक धरणार आणि कोणती आतूनच तुटलेली निघणार, हे त्यांना हातात घेताच कळू लागलं. अर्थात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या वस्तीत चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, हार आणि मेणबत्त्यांऐवजी घरटी एक वही, एक पेन विहारात आणायची रीत आहे. ते पुढे मुलांना वाटतात. रीत चांगलीच. फक्त वह्या-पेन आणणारी माणसं मोठी असल्यामुळे ती आपापल्या वयाचं आणतात. गेल्या वर्षी दीडशेच्या घरात पेन जमले, आणि जूनमध्ये पहिलीच्या महामायाकडे तीन पेन होते, पेन्सिल एकही नाही. आरती मॅडम पहिलीत पेन धरू देत नाहीत. चुकलेलं खोडता येत नाही. महामाया शेजारणीची पेन्सिल रिकामी व्हायची वाट बघत बसली.

"काय लिवलीस आज?" ताटात खिचडी घालताना चांगुणाबाईंनी विचारलं.

"माझा नंबर आला न्हाई," महामाया म्हणाली आणि जेवायला लागली.

चांगुणाबाईंनी तेव्हाच ठरवलं, की पुढच्या जूनला पहिलीत बसणाऱ्या एकाही लेकराला नंबर लावावा लागणार नाही.

मार्चमध्ये विहारात बैठक झाली. जयंती समितीचा अध्यक्ष आनंदराज हा त्यांचा पुतण्या. चाकूरला त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे कागदावर आलेली गोष्ट तो अंतिम मानतो.

"काकू, ब्यानर छापून आलंय. एक वही, एक पेन."

"ऱ्हाऊ दे की. पहिलीच्या लेकराला पेन कशाला? दस्तखत करायची हाय का त्याला?"

"पेन्सिली वाटल्या तर शेजारच्या गावात हसतील, काकू."

"हसणारे मोठे हायत. मी लहान्याचं बोलायलेय."

चर्चेअंती असं ठरलं, की चांगुणाबाईंनी पेन्सिली आणाव्यात, पण समितीची काही जबाबदारी राहणार नाही. त्यांनी घरोघर जाऊन बायांना पेनाऐवजी पेन्सिलीचे पैसे द्यायला पटवलं आणि ते पैसे घेऊन एका सकाळी लातूरची एसटी धरली.

गंजगोलाई बाजारातल्या स्टेशनरीवाल्या वीरभद्रप्पांनी आधी चकाकणारी पेन्सिल पुढे केली. मागे गुलाबी खोडरबर होतं. "पोरं खूश होतात, मावशी."

चांगुणाबाईंनी तिचं तोंड बघितलं. शिसं मध्यावर नव्हतं, एका अंगाला सरकलं होतं. "एकीकडं लाकूड जाड, एकीकडं पातळ. तासलं की टोक गेलंच."

दुसरी पेन्सिल त्यांनी काउंटरवर ठेवून बोटानं जरा ढकलली. ती घरंगळत खाली पडली. "गोल हाय. दिसातनं धा बार पडंल. वरून साबूत, आतून तुकडे."

तिसरीनं त्यांनी पुड्याच्या कागदावर रेघ ओढली. फिकट उमटली. "हिला दाबावं लागतंय. लेकराचं बोट दुखतंय, पान फाटतंय."

"सून बघायलाव का पेन्सिल?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

"सुनेला येवढं बघितलं न्हाई मी."

शेवटी वीरभद्रप्पांनी खालच्या खणातून धूळ बसलेला डबा काढला. सहा कडांची, साध्या हिरव्या रंगाची पेन्सिल. चांगुणाबाईंनी पिशवीतून विड्याचं पान काढावं तसं ब्लेड काढलं, टोक केलं, कमरेइतक्या उंचीवरून पेन्सिल तीनदा फरशीवर टाकली आणि पुन्हा तासली. शिसं अखंड निघालं. रेघ ओढली. काळी, मऊ.

"हीच."

"हिच्यावर चित्र न्हाई, मावशी. कुणी घेत न्हाई, म्हणून पडून हाय."

"चित्र लेकरं काढतील. डबे किती हायत?"

चौदा एप्रिलला ‘एक वही, एक पेन’ या बॅनरखालच्या टेबलावर पेन्सिलींचा ढीग पडला. आनंदराज फोटोग्राफर घेऊन वाटायला उभा राहिला, तर चांगुणाबाई पेन्सिली पत्र्याच्या डब्यात भरत होत्या.

"काकू, ह्या वाटायच्यात."

"ज्यांना वाटायच्या ती अजून शाळेत यायचीत. आज वाटल्या तर जूनपस्तोर एक ऱ्हायची न्हाई."

"फोटोपुरत्या तरी."

"फोटोत वह्या धर."

डबा घरी गेला. मे महिन्यात आनंदराजनं आपल्या मुलासाठी एक पेन्सिल मागितली. मुलगा सातवीत होता. मिळाली नाही.

शाळा उघडली त्या दिवशी पहिलीच्या प्रत्येक मुलाला ताटाबरोबर एक पेन्सिल मिळाली, टोक काढलेली. नियम एकच: अंगठ्याएवढी उरली की आणून दाखवायची, मग दुसरी. डबा तेवढ्यासाठी स्वयंपाकखोलीतच राहिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला, की पोषण आहाराव्यतिरिक्त साहित्य आढळून आले, सबब संबंधितांनी आपल्या पदाच्या कर्तव्यांचे अवलोकन करून खुलासा सादर करावा. चांगुणाबाईंनी तो शेरा गुरुजींकडून वाचून घेतला आणि तांदूळ निवडायला बसल्या.

जुलैअखेर पहिलीच्या एकोणीसही मुलांकडे पेन्सिल होती. दोघांनी ती मागून चावली होती.