ओल्या कचऱ्यावर डिझेल

मंडळी, कचऱ्यापासून वीज बनवणारी नवी भट्टी बघायला आज आईला घेऊन गेले होते. माझ्या शब्दावर तिने नायगावात आमच्या आळीतल्या बायकांना ओला-सुका कचरा वेगळा करायला लावलाय. "पोरगी ग्रॅज्युएट, आई कचरेवाली," असे टोमणे खाऊन!

भट्टीवर आमच्याच आळीच्या कचरागाडीने दोन्ही कचरा एकत्र ओतला. मासळीच्या पाण्याने भिजलेला ढीग पेटेना, तर वरून डिझेल!

मी भांडले. भट्टी चालवणाऱ्या कंत्राटदाराचे साहेब हसले, "मॅडम, पेटल्याशी मतलब."

आई एवढंच म्हणाली, "आता कोनत्या तोंडानं बायकांना सांगू?"

डिझेल जाळून वीज करायची, तर आमच्या दोन बादल्या कशाला? उद्या ओल्या कचऱ्याची बादली साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. नुसत्या काडीने पेटवून दाखवा म्हणावं. कोण येतंय सोबत?