काचेतला सूर्य

ती घटना आठवली की आजही मला संध्याकाळच्या उन्हाचा राग येतो. पुण्यात आयटी कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि येरवड्याच्या पुढे, आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. अशाच एका नव्या इमारतीजवळ एका संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या बाईला कंपनीच्या गाडीने उडवले. बाई जागीच गेली.

चालक विदर्भातून पोटासाठी आलेला तरुण. पळून न जाता स्वतःच ठाण्यात हजर झाला. "साहेब, सूर्य डोयात आला जी. मले काईच दिसलं नाई," एवढेच सांगे. पंचनाम्यात गाडीचे तोंड पूर्वेला होते. म्हणजे मावळता सूर्य याच्या पाठीमागे! उलटसुलट विचारले, दरडावले, तरी पठ्ठ्या तेच बोले. इतके बावळट खोटे कोणी बोलत नाही, हे मला खटकत राहिले.

बाईचा नवरा शिंपी होता. रोज ठाण्यात येऊन विचारायचा, "त्याला शिक्षा होईल ना, साहेब?" तेवढ्या एका रागावर तो उभा होता.

अशात शेजारच्या सोसायटीतल्या एका बाईंचा फोन आला. "अहो, त्या नव्या इमारतीवरची बांधकामाची हिरवी जाळी उतरवल्यापासून आमच्या पूर्वेच्या खिडकीतही सूर्य मावळतो. आपल्या खात्याला दिसत नसेल, तर येऊन बघा." हवालदार हसला. मी मात्र जीप काढायला सांगितली.

अपघाताच्याच वेळेला मी त्या रस्त्यावर पूर्वेकडे तोंड करून थांबलो. पाठीमागचा सूर्य समोरच्या काचेत उतरला आणि डोळ्यांपुढे नुसते पांढरे झाले. रस्ता दिसेना, माणसे दिसेनात. चौकशीत कळले, की जाळी अपघाताच्या दिवशीच दुपारी उतरवली होती. त्या दिवशी आम्ही पोहोचलो तोवर सूर्य मावळला होता.

पुन्हा पंचनामा केला आणि सगळे कोर्टापुढे ठेवले. चालक सुटला. इमारतीच्या मालकांनी काचांना चकाकी रोखणारी फिल्म लावली. त्यांच्यावर लावायला आम्हाला कलम सापडले नाही.

शिंप्याला मीच दुकानात जाऊन सांगितले. मशीन थांबवून त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "त्याचाच दोष निघाला असता तर बरं झालं असतं हो, साहेब. आता मी रागवायचं कोणावर?"

खरे शोधले की आपले काम संपले, असे मी तोवर समजत होतो. ते शोधून मी एका निरपराध माणसाला तुरुंगापासून वाचवले, आणि दुसऱ्याजवळ उरलेला एकच आधार काढून घेतला. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन. पण त्या शिंप्याच्या दुकानावरून जायचे मी आजही टाळतो.