पाळण्यातला मफलर

पेटी ताडपत्रीखाली सरकवायची तेवढी बाकी होती. मी वाकलो आणि फळ्यांच्या फटीतून बाहेर आलेला एक तपकिरी धागा दिसला. चिमटीत धरून ओढला. लोकर होती.

"साहेब, ही पेटी उघडावी लागेल," मी म्हणालो.

निकम साहेब आमचे ब्रँच मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण घड्याळ बघून बोलणारा. "सोनवणे, पार्टीने डिक्लरेशन दिलंय. लाकडी पाळणा, एक नग. बंद पेटी आपण उघडली तर उद्या म्हणतील आतलं काही गेलं. आणि परवा सकाळी गाडी मुंबईला निघतेय. चोवीस तास गॅस, मग हवा खेळवायची. वेळ कुठेय?"

मी फ्युमिगेशनवाला. मागच्या वर्षी रिटायर झालो. तोपर्यंत अंबडच्या आमच्या गोडाऊनमध्ये परदेशी जाणाऱ्या मालाला गॅस द्यायचं काम केलं. लाकडात, धान्यात किडा लपून जातो आणि दुसऱ्या देशात संसार थाटतो. तो जाऊ नये म्हणून माल ताडपत्रीने झाकायचा, कडेने वाळू भरलेल्या कापडी नळ्या दाबून ठेवायच्या आणि आत मिथाइल ब्रोमाइड सोडायचा. चोवीस तासांत किडा, अळी, अंडं, सगळ्यांचा निकाल. या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नाही आणि माणसालाही तो सोडत नाही. मास्क आणि मीटरशिवाय जवळ फिरकायचं नाही.

याच गॅसचा दुसरा पराक्रम म्हणजे तो वर जाऊन ओझोनचा थर पातळ करतो, जो आपल्याला उन्हातल्या घातक किरणांपासून वाचवतो. म्हणून जगभरात त्याचा शेतातला आणि गोदामातला बहुतेक वापर बंद झाला. क्वारंटाइनपुरती, म्हणजे किडा एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये एवढ्यापुरती, सूट राहिली. आमच्या ब्रँचनेही ठरवलं होतं की शेडमधला शेवटचा सिलिंडर संपला की नवा मागवायचा नाही. पुढे सगळं हीट चेंबरमध्ये, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत तापवून. निर्णय बरोबरच होता. तरी ज्याच्या जिवावर माझं घर चाललं, तो जाणार म्हटल्यावर मला चुकल्या चुकल्यासारखं होत होतं. आभाळ विरवणाऱ्या गॅसची कुणाला आठवण येऊ नये. मला येते.

पाळणा मखमलाबादच्या सुमनताई पिंगळ्यांचा. त्यांचे मिस्टर भाजीपाला पिकवायचे. मुलीच्या वेळी बांधावरच्या सागाचं लाकूड घेऊन सुताराकडे महिनाभर बसले आणि निम्मा पाळणा स्वतःच्या हाताने केला. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मुलगी ऑस्ट्रेलियात, तिला सातवा महिना लागलेला. पाळण्याच्या तळाला बारीक भोकं होती आणि त्यांतून पिठासारखी भुकटी पडत होती, म्हणजे आत किडा जिवंत. असा पाळणा तिकडचे लोक बंदरातच अडवतील, प्रसंगी जाळूनही टाकतील. हीट चेंबरमध्ये घालावा तर दांड्यांवरची लाल-हिरवी लाख चिकट होऊन ओघळली असती. तळ आणि आतली बाजू मात्र बिनरंगाची होती, गॅस शिरायला वाट होती. म्हणून सिलिंडरमधला उरलेला गॅस मी या पाळण्यासाठी राखून ठेवला होता.

आता लोकरीचं सांगतो. लोकर, चामडं, पिसं, काही प्रकारचं रबर, यांचं आणि मिथाइल ब्रोमाइडचं जमत नाही. त्यांच्यात गंधक असतं. गॅस लागला की त्यांना सडलेल्या कोबीसारखी घाण सुटते आणि ती धुऊन जात नाही, उन्हात घालून जात नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी ही यादी पाठ करून घेतात. पुढे नवीन लोकांकडून ती मीच पाठ करून घ्यायचो.

आणि मीच चुकलो होतो. माझी बायको मंगल गेली, त्यानंतर सहा महिन्यांनी तिच्या लाकडी पेटीला किडा लागला. आत साड्या आहेत एवढं मला माहीत होतं. उघडून बघायला हवं होतं. पण उघडली की तिचा वास येईल आणि मग मी दिवसभर कशाच्याच कामाचा राहणार नाही, अशी धास्ती वाटली. पेटी तशीच बंद आणली आणि साहेबांना विचारून एका लॉटबरोबर ताडपत्रीखाली घातली. साड्यांच्या तळाशी तिची लोकरीची शाल होती. थंडीत सकाळी ती शाल पांघरून ती चहा टाकायची. घरी आल्यावर पेटी उघडली आणि मला ओकारी आली. माझ्या बायकोच्या शालीची मला ओकारी आली, हे मी अजून कुणाला नीट सांगू शकत नाही.

निकम साहेबांनाही शालीचं काही सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणालो, "साहेब, आत लोकर असेल तर पाळणा पोचेल, पण आत ठेवलेलं जे काही आहे ते कायमचं जाईल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. "पार्टीला बोलवा. तिच्यासमोर उघडा आणि सही घ्या."

तासाभरात सुमनताई रिक्षाने आल्या. साठीच्या, सडसडीत, पदर खोचलेला. "काय झालं वो भाऊ? नापास केला का पाळणा?"

मी पेटीच्या फळ्या काढल्या. पाळण्यात नीट घडी करून, मूल निजवावं तसा एक तपकिरी मफलर ठेवलेला होता.

"ताई, हे फॉर्मवर लिहिलं नाही तुम्ही."

"मफलर काय सामान असतंय का?" त्या म्हणाल्या. "यांचा हाये तो. आन् रिकामा पाळणा हलवत नसत्यात, तुम्हाला म्हाईत नाय का? तो महिनाभर बोटीत हलणार. मंग रिकामा कसा धाडू?"

मी हातातला फॉर्म बाजूला ठेवला.

त्यांनी मफलर उचलून नाकाशी धरला. "दोन वर्सं झाली, धुतला नाय. मेथीच्या जुड्या घेऊन पहाटे मार्केटला जायचे, तवा गळ्यात ह्योच. बाळाला आजोबा तर भेटायचे नाय. वास तरी भेटंल. बघा, अजून मेथीचा वास येतो."

त्यांनी मफलर माझ्यापुढे धरला. मला मेथीचा वास आला नाही. खोबरेल तेलाचा आला, धुराचा आला, थोडा घामाचा. त्या वासाने मला एवढं भरून आलं की मी दाराशी जाऊन उभा राहिलो. मग परत आलो आणि त्यांना मंगलच्या शालीचं सगळं सांगितलं. निकम साहेब शेजारीच होते. त्यांनीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

सुमनताईंनी मफलरची घडी घालून पिशवीत ठेवली आणि पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, "नको मंग. ह्यो माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या. पर पाळणा रिकामा मी धाडायची नाय. मंग तो गेला नाय तरी चालंल."

आता सगळंच अडलं. आणि ते सोडवलं घड्याळवाल्या साहेबांनी. "सोनवणे, दगडाला गॅस काही करत नाही ना? आमच्याकडे बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात."

"आमच्यात बी घालत्यात की!" सुमनताईंचा चेहरा उजळला. "घरचा आणते."

"घरचा नको," मी म्हणालो. "त्याला मिरची-मसाला लागलेला असणार. ऑस्ट्रेलियावाले तेवढ्यावरून पेटी अडवतील. नवा लागेल."

साहेबांनी स्वतःची गाडी काढली आणि सुमनताईंना घेऊन गावात गेले. दुपारी नवा कोरा वरवंटा आला. मी तो ब्रशने घासला, धुतला, वाळवला. ताईंनी नव्या सुती कापडात गुंडाळला आणि पाळण्यात बांधून ठेवला. बांधताना काहीतरी पुटपुटल्या, ते मला ऐकू आलं नाही. डिक्लरेशन बदललं. लाकडी पाळणा, एक. दगडी वरवंटा, एक. इतकी वर्षं कागद भरले, पण ही जोडी पहिल्यांदाच लिहिली.

ताडपत्री टाकली, वाळूच्या नळ्या लावल्या आणि व्हॉल्व्ह उघडला. दुसऱ्या दिवशी हवा खेळवली, मीटर लावून खात्री केली, सर्टिफिकेटवर सही केली. पेटी वेळेवर गेली. सिलिंडर त्या कामात संपला आणि पुढे नवा आला नाही.

चार-पाच महिन्यांनी मोबाइलवर परदेशी नंबर आला. सुमनताई होत्या.

"भाऊ, मी हितंच आले. पोरगी दोन वर्सं बोलवत व्हती, मी नाय म्हणायचे. एवढ्या लांब कोण जातंय? पर मफलर कुरियरनं धाडायला मन होईना. म्हनलं, आपणच न्यावा. हितल्या विमानतळावरच्या साहेबाला दाखवला. त्यानं उलटापालटा केला आन् दिला की परत."

"आणि वास?" मी विचारलं. "आहे का अजून?"

"हाये. कमी झालाय जरा. पाळण्यात बाळाच्या उशाशी असतो ना. आता त्याचा बी वास लागाया लागलाय."

मी बरं म्हणालो.

रिटायर होताना नव्या लोकांना मी एवढंच सांगून आलो. फॉर्म बघा, सील बघा आणि तरीही पेटी उघडा. उघडायला भीती वाटत असेल तर आधी तीच उघडा.

शाल अजून माझ्याकडे आहे. इंदिरानगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दर हिवाळ्यात ती उन्हात घालतो आणि संध्याकाळी आत आणताना नाकाशी धरून बघतो. यंदाही कोबीचाच वास आला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा घालीन.